सरकारी नियम स्वतंत्रतावादी कसोटीवर कसा घासून बघावा

पुण्यात स्वतंत्रतावादावर, म्हणजे माणसाच्या देहावर, मालमत्तेवर आणि करारांवर सरकारची सक्ती कमीत कमी असावी या विचारावर, चर्चा बसली की ती बहुधा दुसऱ्याच वाक्याला अडते. एक जण म्हणतो, सरकारने सगळीकडून हात काढून घ्यावा. दुसरा विचारतो, मग गरिबाने जायचं कुठे? त्यानंतर आवाज वाढतात, मुद्दे वाढत नाहीत. हे टाळायचं तर सुरुवात तत्त्वापासून न करता नियमापासून करावी. एका बैठकीला एकच नियम, तोही कलम क्रमांकासकट. इथे दिलेली रीत सात-आठ जणांच्या गटासाठी आणि दोन तासांच्या बैठकीसाठी आहे. एकट्यालाही ती जमते, फक्त विरुद्ध बाजू स्वतःच मांडावी लागते आणि तिथे बहुतेक जण स्वतःला सूट देतात.

नियम कोणता घ्यावा

जीएसटी, शेतीधोरण, झोपडपट्टी हे बैठकीचे विषय नव्हेत. त्यांच्यावर फक्त मतं पडतात. ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ११’ हा विषय झाला. ‘कुळकायदा, कलम ६३: शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते’ हाही झाला. चाकणच्या बाजूचा गट असेल तर कांदा निर्यातीवर वेळोवेळी निघणाऱ्या अधिसूचना घ्याव्यात. कायद्यांचा मूळ मजकूर इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो, छापील प्रत अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत. वर्तमानपत्रातली बातमी किंवा व्हॉट्सॲपवरचा सारांश घेऊन बसू नका. बातमीत दंड येतो, सवलत येत नाही. आणि कायदा करणाऱ्याचं मन सवलतीत दिसतं.

म्हणून कायदा हातात आला की चार जागा वाचा: व्याख्या, मूळ कलम, कायदा कोणाला लागू नाही ते कलम आणि शिक्षेचं कलम. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ३ उघडा. भाडेकरू जर बँक, सरकारी उपक्रम किंवा एक कोटी अथवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेली कंपनी असेल, तर तिला या कायद्याचं संरक्षण नाही. म्हणजे भाडेकरू हा दुबळा आणि मालक हा सबळ असं कायद्याने गृहीत धरलं, आणि जिथे ते उघडउघड खोटं पडत होतं तेवढ्या जागा वगळल्या. पेठेत राहणारी विधवा मालकीण आणि तिच्या तळमजल्यावरचा सराफ भाडेकरू, ही जोडी त्या वगळणुकीत बसत नाही. पहिली पंधरा मिनिटं अशाच जोड्या शोधण्यात घालवा.

मग वहीचं पान आडवं धरून पाच रकाने आखा: सक्ती कोणावर, कशाची, मोडल्यास काय, वस्तू कोणाची, संमती कोणाची. तिसरा रकाना शेवटपर्यंत न्यायचा. ‘दंड’ लिहून थांबू नका. दंड भरला नाही तर वसुली, वसुली झाली नाही तर जप्ती, जप्तीला आडवं आलं तर पोलीस. स्वतंत्रतावादी नियमाकडे याच टोकाकडून बघतो. या कारणासाठी शेजाऱ्याच्या दारात पोलीस उभा करणं रास्त आहे का? चोरीसाठी आहे. त्याने घराला कोणता रंग दिला यासाठी नाही. बाकीचे हजारो नियम या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतात आणि ते कुठे पडतात एवढंच ठरवायचं असतं.

कलम ६३ या रकान्यांत भरून बघा. ते शेतकऱ्याच्या रक्षणासाठी आहे असं सर्रास सांगितलं जातं. पहिल्या रकान्यात मात्र दोन नावं येतात: घेऊ पाहणारा बिगरशेतकरी आणि विकू पाहणारा शेतकरी. गिऱ्हाईक कमी झालं की भाव पडतो, आणि तो पडतो विकणाऱ्याचा. कर्ज फेडायला एक एकर काढणाऱ्याला कोणी विचारलं होतं का, हा पाचवा रकाना.

कोणता स्वतंत्रतावाद लावणार ते आधी लिहून ठेवा

हे न ठरवता बसलात तर गटातले चार जण चार फूटपट्ट्या घेऊन एकच भिंत मोजतील. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याचं मूळ म्हणणं असं की माणूस स्वतःच्या देहाचा मालक, म्हणून श्रमाचा मालक, आणि बेवारस जमिनीत श्रम ओतले की तिचाही. अट ही की इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९७४ मध्ये ते तीन प्रश्नांत बसवलं: वस्तू पहिल्यांदा मिळवली ती न्याय्य रीतीने का, पुढे हातोहात गेली ती संमतीने का, आणि मध्ये कुठे अन्याय झाला असेल तर त्याची भरपाई झाली का. त्याच्या मते राज्याने पोलीस, न्यायालय आणि सैन्य एवढंच सांभाळावं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मरे रॉथबर्डला तेही नको. सुरक्षा आणि निवाडासुद्धा बाजारातून मिळेल असं तो म्हणतो. अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख हायेकची कसोटी वेगळी. नियम सर्वांना सारखा, आधी जाहीर झालेला, माणूस बघून न बदलणारा आहे ना? असेल तर कर घेऊन गरिबाला किमान आधार द्यायला त्याची हरकत नाही. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी विचारवंत हेन्री जॉर्ज याच्या वाटेने जाणारे म्हणतात, जमीन कोणीच निर्माण केलेली नाही, म्हणून नुसत्या जमिनीच्या भाड्यावर कर घ्या आणि श्रमावरचे, व्यापारावरचे कर सोडा. बाणेरमध्ये मोकळा प्लॉट वीस वर्षं धरून ठेवणाऱ्याबद्दल नोझिक आणि जॉर्ज एकमेकांच्या थेट विरुद्ध निकाल देतील.

महाराष्ट्रात हा विचार मातीत रुजवला तो शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी. चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करताना त्यांना दिसलं की सरकार शेतकऱ्याला मदत कमी करतं म्हणून तो गरीब नाही. त्याच्या मालाचा भाव पाडतं म्हणून आहे. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्या निदानातून आली. १९९४ साली त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. गटात शहरी मंडळीच जास्त असतील तर ही बाजू मुद्दाम आणा. नाहीतर स्वातंत्र्य म्हणजे आयकर कमी करणं, असा समज पक्का होऊन बसतो.

मोळी सोडून बघणे

मालकी ही एक सलग वस्तू नाही, ती मोळी आहे. ताबा, वापर, उत्पन्न, दुसऱ्याला बाहेर ठेवणं, विकणं, वारसाला देणं, पाडून टाकणं या तिच्यातल्या काटक्या. या टप्प्यात एवढंच शोधायचं की नियम कोणती काटकी काढतो आणि कोणाच्या हातात देतो. बरोबर-चूक अजून ठरवायचं नाही. घाई करणाऱ्याला थांबवण्याचं काम एकाकडे सोपवा.

पेठेतला जुना वाडा घेऊ. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे शहरी जागेच्या सरकारी उताऱ्यावर, मालकाचं नाव आहे, खोल्यांतून दोन-तीन पिढ्यांचे भाडेकरू आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं गोठवलं. १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असं गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं. मग १९९९ चा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि कलम ११ ने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. आकडा मांडाच. तेव्हा खोलीचं भाडं महिना ४० रुपये असेल, तर चक्रवाढ धरूनही २५ वर्षांनी ते १०६ रुपये ६० पैशांच्या आसपास जातं. कौलं शाकारायला गडी बोलावला तर महिन्याच्या भाड्यातून त्याचा एक दिवसही सुटत नाही.

आता काटक्या मोजा. विकणं शिल्लक आहे, पण भाडेकरूंसकट. उत्पन्न नावापुरतं. बाहेर काढणं भाडं थकल्यास (कलम १५) किंवा कलम १६ मधल्या कारणांनीच, म्हणजे स्वतःची खरी गरज, पाडून नवं बांधणं वगैरे, आणि तेही कोर्टाच्या हुकुमानेच. दुरुस्तीची जबाबदारी मात्र कायद्याने मालकाकडेच ठेवली आहे. चार काटक्या गेल्या आणि ओझं तेवढं राहिलं. असा मालक भिंतीतला पिंपळ उपटत नाही. वाडा पडण्याची वाट बघणं त्याला परवडतं. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांवर लागणाऱ्या नोटिसांचं मूळ निव्वळ चुन्या-विटांच्या वयात नाही.

इथवर आलं की गट खूश होतो आणि निकाल देऊन मोकळा होतो: कायदा रद्द, भाडेकरू बाहेर. हीच सर्वांत नेहमीची चूक. भाडेकरूच्या बाजूने तीच मोळी पुन्हा सोडा. त्याच्या आजोबांनी पागडी, म्हणजे खोली घेताना द्यायची एकरकमी रोख रक्कम, मोजली होती का? १९४७ च्या कायद्यात ती बेकायदा होती, तरी दिली-घेतली जात होती. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने ती वैध केली. पागडी देणाऱ्याने संरक्षित ताबा रोख पैसे देऊन घेतलेला आहे. आणि आजचा मालक कोण? वाडा अलीकडे एखाद्या बिल्डरने घेतला असेल तर त्याने तो ‘भाडेकरूंसह’ म्हणून मोकळ्या जागेच्या भावापेक्षा कितीतरी स्वस्तात घेतला. उद्या नियंत्रण उठलं तर नफा होईल तो त्याचा. ज्याचं नुकसान झालं तो मूळ मालक कधीच विकून गेला आहे. स्वतंत्रतावादाला हे नको असतं, कारण तो हक्क मोजतो, वर्ग नाही.

म्हणून वाड्याच्या बैठकीत निकाल तीन भागांत लिहा: नव्या करारांना पूर्ण मोकळीक, पागडी दिलेल्या जुन्या भाडेकरूच्या काटकीची किंमत मान्य करून तडजोड, आणि पागडी न देता नुसत्या कायद्याच्या आधारावर बसलेल्यासाठी मुदत. पुनर्विकासात भाडेकरूला मालकीचा फ्लॅट देऊन वाडा मोकळा करण्याचे जे करार शहरात होतात, ते याच तर्काने चालतात. कोणी तत्त्वज्ञान वाचून ते केलेले नाहीत, एवढंच.

मागचा माग काढणे

आजचा सातबारा हा प्रश्नाचा शेवट समजू नका. नोझिकच्या तीन प्रश्नांपैकी तिसरा गाळला तर उरतं ते फक्त ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’. जमिनीचा विषय असेल तेव्हा बैठकीआधी एकाने कागद काढावेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. त्यावर तीन गोष्टी बघा: भोगवटादार वर्ग १ (विनाअट मालकी) की २ (विकायला सरकारी परवानगीची अट), ‘इतर अधिकार’ रकान्यात काय लिहिलंय आणि फेरफारांचे, म्हणजे नावबदलाच्या नोंदींचे, क्रमांक. मग ते फेरफार एकेक करून मागे जात वाचा. शहरातली जागा असेल तर सातबाऱ्याऐवजी नगर भूमापन कार्यालयाची मिळकत पत्रिका. फारच मागे जायचं तर पेशवे दफ्तर, म्हणजे पुणे पुरालेखागार, आहे. तिथे मोडी वाचणारा माणूस बरोबर हवा.

वर्ग २ दिसला की सावध व्हा. महार वतनाची जमीन घ्या. पिढीजात, नाकारता न येणाऱ्या गावकामाच्या मोबदल्यात ती होती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतनं रद्द केली, जमिनी वतनदारांना परत दिल्या, पण जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आणि ठरलेली रक्कम भरल्याशिवाय विकता येणार नाहीत अशी अट घातली. पहिल्या नजरेत ही अट स्वातंत्र्याच्या आड येते. दुसऱ्या नजरेत ती लुबाडणुकीपासून वाचवते. तिसऱ्यांदा बघा: परवानगीची वाट बघायला ज्याला वेळ नाही असा गरजू वारस कुलमुखत्यारपत्र करून देतो, घेणारा धोका पत्करतो म्हणून भाव पाडतो आणि परवानगी पुढे कधीतरी वजन असणारा माणूस मिळवतो. फरकाचा पैसा वतनदाराकडे जात नाही. ज्याच्यावर मुळात अन्याय झाला त्याची काटकी कापून भरपाई होत नसते. पूर्ण, विनाअट मालकी देणं हीच भरपाई ठरली असती, असा स्वतंत्रतावादी निष्कर्ष इथे निघतो. गटातले काही जण तो मानणार नाहीत. त्यांचा मुद्दा, म्हणजे विनाअट मालकी दिली असती तर दहा वर्षांत सगळं विकलं गेलं असतं, नोंदवून ठेवा. प्रौढ माणसाच्या वतीने दुसऱ्याने काळजी घ्यावी का, हा वाद त्यातूनच सुरू होतो.

मुळशीची बैठक स्वतंत्र ठेवा. एप्रिल १९२१ मध्ये सुरू झालेला सत्याग्रह, सेनापती बापटांचं नेतृत्व, टाटांचं वीजनिर्मितीचं धरण हे सगळ्यांना ठाऊक असतं. विसरलं जातं ते हे की जमीन बाजारात विकत घेतली गेली नव्हती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने कंपनीसाठी जमीन सक्तीने घेण्याची सोय केली होती आणि मुंबई सरकारने ती वापरली. खासगी कंपनी आली म्हणजे मुक्त बाजार आला, हे समीकरण इथेच मोडतं. दुसरी अडचण आणखी खोल आहे. शेतात राबणारा मावळा एक आणि कागदावरचा मालक किंवा गहाणदार पुण्यातला सावकार, अशी अनेक ठिकाणी स्थिती होती. भरपाई कागदाकडे जाते, मुळं उपटली जातात ती राबणाऱ्याची. लॉकच्या ‘श्रम ओतले’ या कसोटीवर मालक कोण? यावर एक तास सहज जातो आणि जावा.

आजच्या संपादनासाठी २०१३ चा भूसंपादन कायदा बघताना दोन आकडे लक्षात ठेवा: खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के संमती. उरलेल्या २० टक्क्यांचं काय, हा स्वतंत्रतावादाचा प्रश्न. बहुमताने शेजाऱ्याची जमीन विकता येत नाही. एमआयडीसीसारख्या राज्याच्या कायद्यांची संपादनाची वाट वेगळी आहे, त्यामुळे नोटीस कोणत्या कायद्याखाली आली आहे ते सर्वांत आधी वाचा.

आवाज, रस्ता आणि सोसायटी

स्वतंत्रतावादी म्हणजे सगळ्याला मोकळीक देणारा, या गैरसमजावर उतारा म्हणून आवाजाचा नियम घ्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ध्वनिक्षेपकाची वेळ १० वरून १२ पर्यंत वाढवून देता येते. गणपतीत हे दिवस कसे वाटले जातात ते पुणेकराला सांगायला नको. आता रकाने भरा. शांत झोप ही कोणाची वस्तू? घरात राहणाऱ्याची. ती मोडायची परवानगी कोण देतं? सरकार. म्हणजे जे सरकारचं नाही ते सरकार तिसऱ्याला वाटतं. लॉकपासून रॉथबर्डपर्यंत कोणीही याच्या बाजूने उभा राहणार नाही. धुराड्याचा धूर, नदीत सोडलेलं सांडपाणी यांनाही हाच न्याय, आणि सांडपाणी सोडणारी महापालिका असेल तर तिलाही.

मांडव रस्त्यावर असतो तेव्हा मात्र गाडी अडते, कारण रस्ता कोणाचा हे स्वतंत्रतावादाला नीट सांगता येत नाही. तिथे अडू द्या, उगीच ओढूनताणून उत्तर काढू नका.

सोसायटीचा विषय रविवारी घ्यावा, सगळ्यांना बोलायचं असतं. सोसायटी हा करार आहे की छोटं सरकार? फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागणारा बिनभोगवटा आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही आणि हस्तांतर शुल्काला २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, या दोन्ही सरकारने घातलेल्या. सभासदांनी आपखुशीने जास्त ठरवलं असतं तर? संमती खरी की खोटी हे बघायला एकच विचारा: फ्लॅट घेतानाच हा नियम समोर होता, की नंतर सर्वसाधारण सभेत हात वर करून आला?

आरक्षणाचा प्लॉट

विकास आराखड्यात बागेचं किंवा शाळेचं आरक्षण पडलं की मालकाला बांधता येत नाही, गिऱ्हाईक मिळत नाही आणि पैसेही हातात पडत नाहीत. सात-बारा कोरा, मोळी रिकामी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ मध्ये सुटका आहे, पण ती आपोआप होत नाही. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची कारवाई सुरू केली नाही, तर मालकाने मालकीच्या कागदांसह नोटीस बजावायची. त्यानंतर २४ महिन्यांत नियोजन प्राधिकरणाने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपलं असं मानलं जातं. म्हणजे एक पैसा न देता बारा वर्षं.

इथे नेहमी फसतं ते असं. नोटिशीला मालकीचे कागद जोडलेले नसतात, म्हणून ती नोटीसच नव्हे असा पवित्रा घेतला जातो. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या नसतात. नोटीस बारनिशीत, म्हणजे कार्यालयाच्या आवक टपालात, दिली जाते पण पोच घेतलेली नसते आणि २४ महिने कधीपासून धरायचे हाच वाद होतो. प्राधिकरण नुसतं एक पत्र किंवा ठराव करून ‘पावलं उचलली’ म्हणतं. गिरणार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एवढ्याने भागत नाही, संपादनाच्या दिशेने खरं पाऊल हवं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, तेव्हा त्यातल्या आरक्षणांची दहा वर्षं २०२७ मध्ये भरतात. आधीच्या आराखड्यातलंच आरक्षण पुढे ओढलं असेल तर मुदत कुठून मोजायची, यासाठी वकिलाकडे जा. अभ्यासगटाचं ते काम नव्हे.

या बैठकीत राज्यघटना उघडी ठेवा. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला, २० जून १९७९ पासून तो अनुच्छेद ३००-क मध्ये उरला: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. अनेक जण इथे हात टेकतात, की कायदा केला की झालं. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच अनुच्छेदातून सात गोष्टी काढून दाखवल्या: नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, वाजवी भरपाई, वेळेत चालणारी प्रक्रिया आणि तिचा शेवट. कुठल्याही संपादनावर ही यादी लावून बघता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, मुंबईतल्या दुरुस्ती-उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींवरून आलेल्या प्रकरणात, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही असा निकाल दिला. सरसकट ‘सगळं समाजाचं’ म्हणणाऱ्याला हे दाखवा, आणि ‘काहीच समाजाचं नाही’ म्हणणाऱ्याला निकालातला ‘प्रत्येक’ हा शब्द.

विरुद्ध पक्षाची खुर्ची

प्रत्येक बैठकीत एक जण पूर्ण वेळ विरोधात बसला पाहिजे, आणि हे काम फिरतं ठेवा. त्याला दारूगोळा पुण्यातच मिळतो. १८९२ साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानड्यांनी मांडलं की सरकारने अर्थव्यवहारात पडू नये हा इंग्लंडच्या परिस्थितीतून आलेला सिद्धांत आहे, त्याला सर्वकाळ सर्व देशांचा नियम मानू नये. इथे उद्योग उभे राहायला राज्याने हात द्यावा. डॉ. आंबेडकरांनी १९४७ साली घटनेसाठी दिलेल्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी असं सुचवलं. राज्याचं नियंत्रण काढलं की स्वातंत्र्य उरतं ते जमीनदाराला खंड वाढवण्याचं आणि कारखानदाराला मजुरी कमी करण्याचं, हा त्यांचा मुद्दा. ‘करार दोघांच्या खुशीचा आहे’ या वाक्यावर हा मुद्दा दर वेळी ठेवायचा. उत्तर देता आलं नाही तर तसं लिहा.

सर्वांत कठीण बैठक १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याची. विवाहित असो वा अविवाहित, मुलीचं संमतिवय १० वरून १२ झालं. टिळक म्हणाले, परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. सरकारी हस्तक्षेप नको म्हणणारे टिळक वरवर स्वतंत्रतावादी वाटतात आणि नवशिके गट हमखास तिकडे घसरतात. पण स्वतंत्रतावाद व्यक्तीपासून सुरू होतो, जातीपासून किंवा कुटुंबापासून नाही. दहा वर्षांच्या मुलीची संमती ही संमतीच नव्हे. तिच्या देहाची मालक ती. रूढीची सक्ती ही पोलिसाच्या सक्तीइतकीच सक्ती असते, फक्त तिला वॉरंट लागत नाही. ही बैठक झाली की आधीच्या तक्त्यांतला ‘संमती कोणाची’ हा रकाना पुन्हा तपासा. तिथे घरच्या कर्त्या पुरुषाचंच नाव किती वेळा लिहिलं गेलंय ते कळेल.

टिपण आणि हरकत

शेवटची वीस मिनिटं लिहायला ठेवा. टिपण एका पानाचं: नियम एका वाक्यात, कोणती काटकी गेली, मागचा अन्याय सापडला का, तेच काम करार, नुकसानभरपाईचा दावा किंवा स्वेच्छेची संस्था यांनी होईल का, आणि नियम काढला तर पहिला फटका कोणाला. ‘कार्यक्षमता’ आणि ‘हक्क’ ही कारणं एकाच वाक्यात घालू नका. भाडे नियंत्रणामुळे घरं कमी होतात हे एक विधान, मालकाचा हक्क जातो हे दुसरं. पहिलं आकड्यांनी खोटं ठरू शकतं, दुसरं नाही, आणि दोन्ही गुंफली की विरोधक सोपं ते खोडून उरलेलंही बाद करतो. बैठकीत मतदान घेऊ नका. बहुमताने हक्क ठरत नाही हे तासभर बोलून झाल्यावर हात वर करायला लावणं बरं दिसत नाही.

नियमाचा मसुदा हरकतींसाठी खुला असेल तर हेच टिपण हरकत म्हणून देता येतं. विकास आराखड्याच्या प्रारूपाची मुदत राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजतात, किती दिवस ते सूचनेत बघा. इतर मसुद्यांची मुदतही त्या-त्या सूचनेत दिलेली असते. तत्त्वज्ञांची नावं काढून टाका. जमिनीचा गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, मसुद्यातलं कलम, त्याने नेमका कोणता वापर थांबतो आणि त्याऐवजी कोणता शब्दप्रयोग हवा, या क्रमाने लिहा. सामूहिक छापील अर्जावर शंभर सह्या घेण्यापेक्षा ज्याची जागा बाधित आहे त्याने स्वतःच्या नावाने दिलेली हरकत सुनावणीत जास्त टिकते. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या, आणि ‘प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हे वाक्य अर्जात असल्याची खात्री करूनच तो द्या. सुनावणीत प्रत्येकाच्या वाट्याला मोजकीच मिनिटं येतात, तेव्हा आधी मागणी सांगा, मग कारण.